काटा शून्यावर, गाडी ऐंशीवर

खंबाटकी घाट मागे टाकून आम्ही सुरूर फाट्याकडे निघालो होतो. जुलै महिना, पावसाची झड. गाडी मेव्हण्याची, दहा-अकरा वर्षं जुनी, ऑटोमॅटिक. चालवतही तोच होता आणि मी शेजारी बसून भाजलेल्या शेंगा सोलत होतो. एकाएकी स्पीडोमीटरचा काटा ऐंशीवरून सरळ शून्यावर आला, पिवळा दिवा लागला आणि गाडीने एक सणसणीत हिसका दिला. खिडकीबाहेर झाडं मात्र आधीच्याच वेगाने मागे पळत होती. थोड्या वेळाने काटा आपणहून उठला आणि पुन्हा ऐंशीवर जाऊन बसला, पण गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. इंजिन ओरडतंय, आणि चौथा पडायचं नाव नाही.

चहासाठी थांबलो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर जणू काही झालंच नव्हतं. दहा किलोमीटरवर पुन्हा तोच खेळ. साताऱ्यात एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून आणली, स्कॅनर लावला आणि निदान सांगितलं, "गिअरबॉक्स स्लिप होतोय. उतरवून खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं.

गिअरबॉक्स धडधाकट होता. तरी त्या गॅरेजवाल्याला मी अडाणी म्हणणार नाही. वेग सांगणाऱ्या सेन्सरची बातमी वरपर्यंत पोचली नाही, की ऑटोमॅटिक गाडी हुबेहूब गिअरबॉक्स गेल्यासारखीच वागते, आणि स्कॅनरही त्यालाच दुजोरा देतो.

मॅन्युअल गाडीत गिअर कधी बदलायचा हे आपण इंजिनाच्या आवाजावरून, अंगाला बसणाऱ्या ओढीवरून ठरवतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम कॉम्प्युटरकडे असतं आणि त्याला कान नसतात. त्याच्या हातात मुख्यतः दोन आकडे असतात: ॲक्सिलरेटर किती दाबलाय, आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा किती वेगाने फिरतोय. या दोन आकड्यांचा एक तक्ता त्याच्याकडे तयार असतो. त्यात बघून तो सॉलेनॉइड नावाचे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो, त्यातून ऑईलचा दाब योग्य त्या क्लचवर जातो आणि गिअर पडतो. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑईलमधून जोडणाऱ्या भागाचं) लॉक कधी लावायचं, तेही याच वेगावरून ठरतं. (आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या खरं तर एएमटी असतात, म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेला यांत्रिक हात. काही सीव्हीटी असतात, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारं प्रमाण. त्यांची आतली रचना निराळी, पण वेगाच्या आकड्याशिवाय त्यांचंही पान हलत नाही.)

आता कॉम्प्युटरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. हा वेग एका दशांश सेकंदात शून्य व्हायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या बावीसपट जोराने गाडी थांबायला हवी. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी रोजच्या वापरातल्या गाडीला एकपटीच्या आसपासच मजल मारता येते. म्हणजे एक तर गाडी भिंतीवर आदळली, नाहीतर सेन्सर थापा मारतोय. इंजिन तर छान फिरतंय. मग कॉम्प्युटर सेन्सरवरचा विश्वास काढून घेतो, चूक नोंदवतो, पिवळा दिवा लावतो आणि अंदाजाने गिअर टाकत बसण्यापेक्षा एकच मधला गिअर धरून ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना घर गाठायची सोय. काटा परत आला तरी बऱ्याच गाड्या या अवस्थेतून लगेच बाहेर येत नाहीत. इग्निशन बंद करून चालू करावं लागतं. म्हणूनच गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागते आणि मालक खोटा पडतो.

पूर्वी ही भानगडच नव्हती. गिअरबॉक्समधून निघालेली एक पिळाची केबल थेट स्पीडोमीटरपर्यंत यायची, तिच्या टोकाला चुंबक फिरायचं आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी, पर्यायाने काटा, वळायचा. ओटो शुल्त्से या जर्मन माणसाने १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती ऐंशी-नव्वद वर्षं टिकली. पण ती काट्याला कळायची, कॉम्प्युटरला नाही. कॉम्प्युटरला मोजता येतील असे ठोके लागतात.

ठोके मिळवायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत एका चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळलेलं असतं आणि समोरून दातेरी चाक फिरतं. दात जवळ आला की चुंबकीय क्षेत्र दाट होतं, खाच आली की विरळ. क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. माझ्या टेबलाच्या खणात भंगारातल्या गाडीचा असा एक दोन वायरींचा सेन्सर पडून आहे. काट्याचा मल्टिमीटर त्याला जोडायचा आणि टोकासमोरून पाना सपकन फिरवायचा; काटा टुणकन उडतो. तोच पाना गोगलगाईच्या गतीने नेला, तर काटा ढिम्म. सगळा पाऊसपाण्याचा, घाटाघाटांचा वेग या एवढ्याशा थरथरीवर मोजला जातो. या जातीच्या सेन्सरची ताकदही हीच आणि दुबळेपणाही हाच: बाहेरून वीज द्यावी लागत नाही, पण गाडी सरपटत असताना त्याचा आवाज जेमतेम निघतो.

दुसरी पद्धत हॉल परिणामाची. एडविन हॉल हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खातून वीज सोडून, त्यावर चुंबक रोखून दाखवलं की वर्खाच्या आडव्या अंगाला नाजूकसा व्होल्टेज तयार होतो. आज हेच काम अर्धवाहकाची एक बारीकशी चकती करते. ही वेगावर अवलंबून नसते, अगदी हळू फिरणारा दातही तिला कळतो. मात्र तिला बाहेरून वीज लागते, म्हणून वायरी बहुतेकदा तीन: एक पुरवठ्याची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची.

ठोक्यांचा हिशोब गमतीचा आहे. समजा टायर १८५/६५ आर १५ मापाचा आहे. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं. पुढच्या डिफरन्शियलचं (दांड्याचे फेरे चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचं) प्रमाण चारास एक असेल, तर गिअरबॉक्सचा दांडा सेकंदाला ३४ वेळा फिरणार. त्यावर २० दातांचं चाक असेल तर ठोके जवळपास ६८०. ताशी तीनवर तेच ३४. ठोके मोजायचे, ठरलेल्या आकड्याने भागायचं, की झाला वेग. आणि भलत्या मापाचे टायर घातले की हा हिशोब बिनसतो. सेन्सर निर्दोष असूनही.

मेव्हण्याच्या गाडीत स्कॅनरला दोन कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेल्या चुकांचे क्रमांक, दिसले होते. पी०७२० म्हणजे बाहेरच्या दांड्याच्या स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, आणि पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही. काही गाड्यांत पी०५०० येतो, तो वाहनाच्या वेगाच्या सेन्सरचा. गॅरेजवाला दुसऱ्या कोडला भुलला. गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या दांड्यालाही एक सेन्सर असतो. आत मिनिटाला २,००० फेरे आणि तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.४ असेल, तर बाहेर सुमारे १,४३० फेरे यायला हवेत. बाहेरच्या सेन्सरचे ठोके मधेच गळाले आणि कॉम्प्युटरला ९०० च दिसले, तर त्याच्या लेखी क्लच घसरतोय. बिचाऱ्याने भागाकार बरोबर केलेला असतो, फक्त दिलेला आकडाच चुकीचा असतो.

खरी घसरण ओळखायला इंजिनाचा आवाज ऐका. क्लच खरोखर घसरला तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, भसकन वर जातात आणि गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. आमच्या गाडीत काटा पडला त्या क्षणी इंजिनाच्या आवाजात तसा काही बदल नव्हता. हिसका आला तो गिअर खाली पडल्याचा. एवढं एक जरी लक्षात आलं असतं, तरी गिअरबॉक्स उतरवायची भाषा झाली नसती.

कोडबद्दल माझं एक ठाम मत आहे: तो भागाचं नाव सांगत नाही, परिसराचं नाव सांगतो. "सर्किट" या शब्दात सेन्सर येतो, कपलर (वायरी जोडणारा प्लग) येतो, हातभर वायर येते आणि पलीकडचा कॉम्प्युटरही येतो. कोड बघून सेन्सर बदलणं म्हणजे फोन लागत नाही म्हणून समोरच्या माणसालाच बदलण्यासारखं. आम्हीही तेच केलं. पुण्यात परतल्यावर नवा सेन्सर बसवला, आठवडाभर गाडी सरळ चालली, आणि पुढच्या जोरदार पावसात काटा पुन्हा शून्यावर.

मग मात्र रीतसर बसलो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर लावला. मोबाईलवर एकीकडे गाडीने सांगितलेला वेग, दुसरीकडे जीपीएसचा. मेव्हणा चालवतोय, मी फक्त बघतोय. दोन्ही कामं एकट्याने करू नयेत. अशा आलेखाला स्वभाव असतो. सेन्सरच्या चुंबकाला गिअरबॉक्समधला लोखंडी कीस चिकटला असेल, तर रेघ थरथरत, दात पडल्यासारखी चालते. सेन्सर काढून पुसला की बरेचदा काम होतं. वेटोळ्याची तार आतून तुटत आली असेल, तर गाडी गरम झाल्यावर वेग हळूहळू विस्कटतो आणि थंड झाली की सुधारतो. आमची रेघ मात्र व्यवस्थित चालता चालता कात्रीने कापावी तशी तुटायची, आणि तीही खड्ड्यात. स्वच्छ तुटणारी रेघ म्हणजे बहुधा सुटणारा जोड.

मल्टिमीटर लावताना सेन्सरची जात आधी ओळखावी लागते. वेटोळ्याच्या, दोन वायरींच्या सेन्सरचा रोध मोजता येतो. किती हवा हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवायचं नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे पंचवीस अंशांना १,००० ओहम दाखवणारा सेन्सर शंभर अंशांना १,३०० च्या जवळ गेला तर घाबरायचं कारण नाही. मीटरने अनंत दाखवला, तर तार तुटली. तीन वायरींच्या हॉल सेन्सरचा रोध मोजून हाती काही लागत नाही. तिथे कपलर काढून आधी पुरवठा तपासायचा, पाच किंवा बारा व्होल्ट, जे असेल ते. पुरवठाच नसेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. मग अर्थिंगची वायर. मग कपलर लावून, सिग्नलच्या वायरीला मागच्या बाजूने टाचणी टेकवून, चाक हाताने फिरवत व्होल्टेज खाली-वर होतो का ते बघायचं. गाडी जॅकवर एकटी सोडू नये, खाली स्टँड हवेतच, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावलेला हवा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत एकच चाक उचललं असेल, तर डिफरन्शियलमुळे दांड्याला निम्मेच फेरे मिळतात, त्यामुळे ठोके कमी दिसले म्हणून दचकू नका. आणि एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत लागला असेल, तर हे सगळं करण्याआधी चाकांजवळचे सेन्सर बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच, वेग चाकांकडूनच येतो.

आमच्याकडे पुरवठा होता, अर्थिंग होतं, ठोकेही येत होते. आमच्या ओळखीचा वायरमन तोवर शांतपणे तंबाखू मळत उभा होता. तो म्हणाला, "चालू ठेवा," आणि खाली हात घालून कपलर नुसता डावीकडे-उजवीकडे हलवला. मीटरवरचे पाच व्होल्ट गेले. आले. पुन्हा गेले. कपलर काढून त्याने बॅटरीच्या उजेडात दाखवला: कडेचं रबर फाटलेलं, आत हिरवट गंज चढलेला आणि पुरवठ्याच्या पिनेची पकड सैल झालेली. नवा सेन्सर बसवताना कपलर निघाला-लागला, तेवढ्याने ती पिन आठवडाभर तग धरून राहिली असावी. त्याने मागच्या वायरीसकट दुसरा कपलर जोडला, सांधे झाळले, वर नळी चढवली. मजुरीसकट सहाशे रुपये.

कोड पुसले, खंबाटकीपर्यंत जाऊन आलो. रेघ कुठेच तुटली नाही. घरी आल्यावर मेव्हण्याने ओडोमीटरचा, म्हणजे एकूण किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्याचा, फोटो काढला आणि पेट्रोलच्या पावत्या समोर घेऊन बसला. काटा शून्यावर असताना धावलेले किलोमीटर त्यात चढलेच नव्हते, कारण ओडोमीटरही त्याच ठोक्यांवर चालतो. बराच वेळ आकडेमोड करून तो म्हणाला, "म्हणजे तेवढी गाडी फुकट वापरली."