धुऱ्यावरची रात्रपाळी

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर गेला की भर दुपारी झाडंसुद्धा हात आखडता घेतात. पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, उघडी ठेवली तर पाणी उडून जातं. मिटून घेतली तर कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि अन्न तयार होत नाही. काटोलकडे माझ्या मामांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाड, काटेरी पानांच्या घायपाताची रांग आहे. या सदाहरित झाडानं हा पेच कायमचा सोडवलाय: ते आपली रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं.

रात्रीच्या गारव्यात वायू आत घ्यायचा, मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवायचा आणि दिवसा दारं लावून उन्हाच्या बळावर त्याच साठ्यातून साखर करायची. एक ग्राम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साधारण झाड 400 ते 500 ग्राम पाणी घालवतं. घायपातासारख्या झाडांचं 50 ते 100 ग्रामांत भागतं. याची एक सुरुवातीची चाहूल आपल्याच देशात लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइन या वनस्पती अभ्यासकानं आपल्या बागेतल्या पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत बेचव झाली. रात्री भरलेलं आम्ल दिवसा खर्ची पडत होतं. घायपाताचं पान मात्र चुकूनही चाखू नका. त्याच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नुसता अंगाला लागला तरी खाज सुटते.

मामांनी ही रांग कडुनिंब आणि बाभळीच्या सोबतीनं लावली आहे. "धुरा रिकामा ठेवला का पहिल्याच पावसात माती नाल्यात जाते," हे त्यांचं साधं कारण. मला त्यात आणखीही काही दिसतं. घायपाताची मुळं उथळ पसरतात, वरच्या थरातली ओल टिपतात आणि माती धरून ठेवतात. निंबाची, बाभळीची खोल जातात. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. निंबाची रोपं लहान होती तेव्हा शेळ्यांना त्यांच्यापासून लांब ठेवलं ते घायपाताच्या काट्यांनीच. गर्द सावलीत मात्र घायपात रोडावतं, म्हणून ते झाडाच्या बुडाशी लावू नये, घेराच्या कडेला लावावं. आणि भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं तिथं तर नकोच. त्याला मुरमाड, बरड जागा मानवते, म्हणजे पराटीला, कपाशीच्या झाडाला, नको असलेली.

कापसाच्या या मुलखात एक फरक हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांब पेशी, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. घायपाताचा मीटरभर तंतू म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या असंख्य पेशींची जुडी, लिग्निन आणि पेक्टिननं चिकटवलेली. म्हणून तो अंगाला बोचतो. पण कासऱ्याला, दाव्याला त्याच्यासारखा ताण दुसरा कोण सोसणार! लिफ्टच्या पोलादी दोरांतसुद्धा अनेकदा मधोमध याच जातीच्या, म्हणजे सिसलच्या, तंतूंचा गाभा असतो. तो वंगण धरून ठेवतो आणि तारा एकमेकींवर घासू देत नाही.

वाख, म्हणजे घायपाताचा हा तंतू, काढणं मेहनतीचं. बुडाकडची पिकलेली पानं कापायची, शेंड्याकडची राखायची. पान ताजं असतानाच फळीवर ठेवून बोथट पात्यानं खरवडायचं. हिरवा गर निघत जातो आणि खाली ओले, पांढरे तंतू उरतात. ते धुऊन उन्हात टाकले की कडक, चमकदार होतात. शंभर किलो पानांमागे जेमतेम तीन-चार किलो वाख हाती येतो, आणि तेवढ्यासाठी कोपरापर्यंत हात खाजतात. मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं आणि त्यांच्या दोरांवर आपली शेती चालली. त्याची नोंद आपण फार कमी घेतली. उरलेला गर आणि धुण्याचं पाणी नाल्यात सोडू नये. त्यातल्या सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्यामुळे मासे मरतात.

घायपात आयुष्यात एकदाच फुलतं. मामांच्या रांगेतल्या एका झाडाला यंदा बांबूएवढा दांडा आलाय, निंबाच्या फांद्यांच्याही वर गेलाय. त्यात सारा जीव ओतून झाड आता वाळत चाललंय. दांड्यावर फुलांच्या जागी बोटभर लांबीची शेकडो पिल्लं लटकली आहेत, प्रत्येकाला तीन-चार पानं फुटलेली. काही खाली पडून मुळं धरू लागली आहेत. बाकीची मामींनी टोपलीत गोळा करून ठेवलीत, मृगाच्या पावसानंतर पलीकडच्या धुऱ्यावर लावायला.