बालीतला नाच: देवाचा कुठला, पाहुण्यांचा कुठला

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बालीला जाऊन आलेल्या माणसाकडे हमखास दोन फोटो असतात. एक उलुवातूच्या देवळाजवळच्या कड्यावर मावळतीला चाललेल्या केचाक नाचाचा, दुसरा बातुबुलान गावच्या बारोंगसोबत, म्हणजे नाचातल्या मुखवट्याच्या प्राण्यासोबत. आणि एक वाक्य असतं: "अरे, ही तर आपलीच संस्कृती!" त्या नाचांत हनुमान आहे, कुंती आहे, सहदेव आहे, तेव्हा वाक्य अगदी चूक नाही. पण त्या ‘आपलीच’मध्ये गेल्या शंभर वर्षांत त्या बेटावर झालेली सगळी ओढाताण बुजून जाते.

जुना इतिहास थोडक्यात. चौदाव्या शतकात जावाच्या मजपहित राज्याने बाली जिंकलं, पुढे जावात इस्लाम पसरला, बालीत जुना धर्म टिकला. खरी गोष्ट सुरू होते 1906 मध्ये. डच फौज दक्षिणेत उतरली तेव्हा बादुंगचा राजा पांढरी वस्त्रं नेसून कुटुंबकबिल्यासह बंदुकांना सामोरा गेला. 1908 मध्ये क्लुंगकुंगला तेच घडलं. या कत्तलींमुळे युरोपात डचांची नाचक्की झाली. त्यानंतर त्यांचं धोरण फिरलं आणि बालीला ‘बालीच’ ठेवायचं ठरलं. मग आगबोटीच्या कंपनीने प्रवासी आणले, 1928 मध्ये देनपसारला हॉटेल उभं राहिलं आणि तिथे पाहुण्यांसाठी नाच होऊ लागले. रात्रभर चालणारे प्रकार जेवणाच्या वेळेत बसतील इतके आखूड झाले. 1931 मध्ये बालीची नाचमंडळी पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनातही नाचून आली.

ज्याला लोक हजारो वर्षांचा मानतात तो केचाक याच काळातला, 1930च्या दशकातला. ‘सांगह्यांग’ नावाचा एक विधी आहे. रोगराई आली की मुलींच्या अंगात देवता येते, ज्याला आपण अवसर म्हणतो. त्या वेळी पुरुष गोल बसून ‘चक-चक’ असा घोष करतात. बेटावर राहणाऱ्या एका जर्मन चित्रकाराच्या आणि बेदुलू गावच्या नर्तकांच्या संगतीत हा घोष विधीतून सुटा झाला. त्याला रामायणाची कथा जोडली गेली आणि पाहुण्यांपुढे मांडता येईल असा नाच तयार झाला. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण देवळात नाचायचा नाच तो कधीच नव्हता. उलुवातूलाही तो देवळाबाहेर, तिकिटावर होतो.

स्वातंत्र्यानंतर धर्माचाच पेच पडला. नव्या इंडोनेशियात धर्म म्हणून मान्यता हवी तर एक देव, एक ग्रंथ, एक प्रेषित अशी चौकट होती. गावागावांचे देव, पितर आणि तीर्थ मानणारे बालीकर तिच्यात बसेनात. आपल्या धर्माला ‘आगम तीर्थ’ म्हणणारेही त्यांच्यात होते. सह्या, अर्ज आणि मिन्नतवाऱ्या झाल्यावर 1958-59च्या सुमारास ‘हिंदू’ या नावाखाली मान्यता मिळाली आणि ‘सांग ह्यांग विधी’ (वरचा सांगह्यांगचा विधी नव्हे) या नावाचा एकच परमेश्वर पुढे आला. आपण ज्या शब्दावरून नातं जोडतो तो तिथे सरकारी फॉर्मवर इतक्या उशिरा आणि इतक्या खटपटीने चढला आहे.

आता 1971. दोन वर्षांपूर्वी विमानतळ मोठ्या विमानांना खुला झाला होता, फ्रेंच सल्लागार किनाऱ्यावर पंचतारांकित वसाहती आखत होते आणि देवळातले नाच हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावाकाठी पोचले होते. तेव्हा देनपसारला जाणकारांची बैठक भरली. प्रश्न एकच होता: कोणता नाच विकायचा आणि कोणता नाही? गंमत म्हणजे हा प्रश्न बाली भाषेत विचारताच येईना. ‘पवित्र’ आणि ‘लौकिक’ यांच्यासाठी ‘साक्राल’ आणि ‘प्रोफान’ हे उसने युरोपीय शब्द घ्यावे लागले. उत्तर मात्र देवळाच्या तीन अंगणांवरून काढलं गेलं. आतल्या अंगणातले ते ‘वली’, मधल्या अंगणातले ‘बेबाली’, बाहेरच्या अंगणातले ‘बालिह-बालिहान’. कानाला तिन्ही सारखेच लागतात. पण पहिले दोन ‘बाली’ म्हणजे अर्पण या शब्दाची रूपं, आपल्या ‘बळी’चे भाऊबंद. तिसरा शब्द ‘बघणे’ या क्रियेवरून आला आहे. म्हणजे देवाला द्यायचं, देवाच्या निमित्ताने करायचं आणि नुसतं बघायचं. 1973 मध्ये पवित्र नाच पर्यटकांपुढे करायला हुकुमाने बंदीही आली.

कागदावर हे फार सुबक दिसतं. माझ्या मते तिथेच घोळ झाला. नाच कुठल्या अंगणात होतो यावरून त्याची जात ठरवली, पण तोच नाच एका गावात आत होतो आणि दुसऱ्या गावात बाहेर. आपल्याकडे असा तक्ता करायला कुणी बसलं तर काय होईल? दशावतार जत्रेत देवळासमोर रात्रभर रंगतो आणि पहाटे दहीकाला होतो, तेव्हा तो कुठल्या खान्यात? तोच मुंबईच्या नाट्यगृहात तीन तासांत उरकला तर कुठल्या? शिमग्यात मांडावर नाचवलेली, रुपं (देवाचे मुखवटे) लागलेली पालखी आणि स्पर्धेच्या मंचावर नाचवलेली पालखी यांतला फरक खेळ्यांना कुणी शिकवावा लागत नाही. बालीच्या गावकऱ्यांनाही तो लागत नव्हता. लागत होता तो तिकीट विकणाऱ्यांना.

पेंडेतचंच बघा. देवांना फुलं वाहून बोलावण्याचा हा देवळातला नाच पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरात आला. देव आणि पर्यटक एकाच नाचाने बोलवायचे, हे काहींना खटकलं. म्हणून मुद्दाम पाहुण्यांसाठी ‘पान्येंब्रामा’ हा वेगळा नाच बसवला गेला. मुलींनी तो शाळेत शिकून घेतला, तो लोकप्रिय झाला आणि काही वर्षांनी देवळात जाऊन देवापुढे होऊ लागला. भिंत घातली एका बाजूने, पाणी आलं दुसऱ्या बाजूने.

बारोंगची अडचण याहून मोठी. भूतबाधा टाळणारा हा प्राणी, त्याचा मुखवटा मंत्रून घेतलेला. प्रयोगासाठी बिनमंत्रलेला मुखवटा वापरायचा, अशी वाट काढली गेली, तरी प्रयोगाआधी नैवेद्य दाखवतातच. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेने बालीचे नऊ नाच जागतिक अमूर्त वारसा म्हणून नोंदवले, तेही याच तीन खान्यांत. बारोंग गेला ‘बघण्या’च्या खान्यात. 1971च्या बैठकीतली तात्पुरती तडजोड अशी जगन्मान्य झाली.

2002चे बॉम्बस्फोट, कोरोनातली रिकामी हॉटेलं, 2024 पासून परदेशी पाहुण्यांवर बसलेली दीड लाख रुपियांची पट्टी हे सगळं 1971च्या त्या बैठकीनंतरचं. न्येपीच्या दिवशी अख्खं बेट बंद असतं, विमानतळासकट. हे त्यांचं शक नववर्ष आहे आणि आकडा आपल्याच शालिवाहन शकाचा. 2023 मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 22 मार्चला आले होते.

देवळातला नाच देवळातच बघायचा असेल तर ओडालन, म्हणजे देवळाचा वर्धापनदिन गाठावा लागतो. बहुतेक देवळांत तो 210 दिवसांच्या पंचांगाने येतो, त्यामुळे सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. गाडीवाल्याला सकाळीच विचारायचं, आज कुठल्या गावात ओडालन आहे. कमरेला सारोंग आणि शेला हवा, आणि पुजाऱ्याच्या पुढे उभं राहायचं नाही. नाच किती वाजता सुरू होणार हे तिथे कुणी सांगत नाही. आपल्या जत्रेतही कुणी सांगत नाही.