फिकट नावाचे गडद झाड: सेटक्रेशियाची पार्श्वभूमी

रस्त्याचा दुभाजक, सोसायटीच्या फाटकाजवळची सिमेंटची कुंडी, गच्चीच्या कठड्यालगतचा वाफा. मे महिन्यात बाकीची झाडे माना टाकतात तेव्हाही अशा ठिकाणी काळपट जांभळ्या पानांचे एक झाड तग धरून असते. सकाळी त्यावर तीन पाकळ्यांची गुलाबी फुले उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. नर्सरीत त्याला सेटक्रेशिया किंवा पर्पल हार्ट म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कान्शिया पॅलिडा. लॅटिनमध्ये ‘पॅलिडा’ म्हणजे फिकट. बागेतल्या सर्वांत गडद झाडाला असे नाव का पडले, हे कळले की ते कसे वाढवायचे याचेही निम्मे उत्तर मिळते.

हे झाड मूळचे मेक्सिकोच्या पूर्व किनारपट्टीच्या पट्ट्यातले. एडवर्ड पामर या वनस्पतीसंग्राहकाने 1907 मध्ये तमाउलिपास राज्यातल्या व्हिक्टोरिया शहराजवळ त्याचे नमुने गोळा केले. त्यांवरून अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ नेल्सन रोझ यांनी 1911 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले सेटक्रेशिया पॅलिडा. रानातल्या झाडाची पाने राखाडी हिरवी, फार तर जांभळी झाक असलेली असतात. त्यामुळे हे नाव त्या झाडाला शोभणारेच होते. बागांमध्ये मात्र पसरला तो त्यातला गडद जांभळा वाण. तो इतका वेगळा दिसे, की 1955 मध्ये बूम या डच शास्त्रज्ञाने लागवडीतल्या झाडांवरून त्याला स्वतंत्र जात मानले आणि सेटक्रेशिया पर्प्युरिया असे नाव दिले. पुढे 1975 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या डेव्हिड हंट यांनी सेटक्रेशिया हा वंशच (जीनस) ट्रॅडेस्कान्शियात विलीन केला. जांभळे आणि फिकट ही एकाच जातीची रूपे ठरली आणि नियमाप्रमाणे जुने नाव, म्हणजे ‘पॅलिडा’, कायम राहिले. गडद वाणाला आता ‘पर्प्युरिया’ म्हणतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने बागेसाठी उत्तम म्हणून त्याला गौरवलेही आहे. आपल्या नर्सऱ्यांनी मात्र सेटक्रेशिया हे जुनेच नाव धरून ठेवले, आणि ते चुकीचे म्हणून हिणवण्याचे काही कारण नाही. ग्राहक आणि माळी दोघांनाही तेच कळते.

ट्रॅडेस्कान्शिया हे वंशाचे नाव याहून कितीतरी जुने. ते जॉन ट्रॅडेस्कांट या नावाच्या इंग्रज पितापुत्रांवरून आले. दोघेही राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी बागकामावर होते. या वंशातली व्हर्जिनियाची निळी जात थोरल्या ट्रॅडेस्कांटमुळे इंग्लंडच्या बागांत आली आणि 1629 मध्ये छापील ग्रंथात तिची नोंद झाली. फूल एका दिवसात विरून जाते हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आले होते. या वंशातल्या फुलांच्या पाकळ्या गळून पडत नाहीत, त्या अक्षरशः पाणी होऊन विरघळतात. सेटक्रेशियाच्या फुलावर दुपारी बोट लावले तर चिकट ओलसर गोळा हाताला लागतो तो याच कारणाने. तो रोग नव्हे.

महाराष्ट्राला हे घराणे परके नाही. पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो केना आणि कासच्या सड्यावर जांभळट निळे गालिचे पसरणारी आभाळी ही याचीच भाऊबंद. अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या अनेकांनी या घराण्यातले आणखी एक झाड हाताळलेले असते: रिओ, म्हणजे ट्रॅडेस्कान्शिया स्पॅथेसिया. त्याच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल सोलून काचपट्टीवर ठेवायची, साखरेचे किंवा मिठाचे दाट पाणी घालायचे, आणि पेशीतला जांभळा रस आकसून भिंतीपासून दूर सरकताना पाहायचा. प्रयोगवहीत तो ‘प्लाझमोलिसिस’ म्हणून लिहिला जातो. बागेसाठीही त्यातून एक गोष्ट उघड दिसते. जांभळा रंग हरितद्रव्यात नसतो, पेशीतल्या रसधानीत, म्हणजे रस साठवणाऱ्या पोकळीत, विरघळलेला असतो. त्याचे नाव अँथोसायनिन.

सेटक्रेशियाच्या सालीतल्या पेशी या रंगाने भरलेल्या असतात आणि हरितद्रव्य त्यांच्या आत, पानाच्या गरात असते. पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, पण ऊन कोसळतच असते. न वापरलेली ती प्रकाशऊर्जा हरितद्रव्याच्या यंत्रणेची नासधूस करू शकते. वरचा जांभळा थर त्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. मांसल खोड आणि पाने पाणी साठवतात, ही दुसरी जमेची बाजू. सेटक्रेशियातल्या अँथोसायनिनला सेंद्रिय आम्लांचे रेणू जोडलेले असल्याने ते सहज विटत नाही. म्हणून खाद्यरंगासाठीही त्याचा अभ्यास झाला आहे.

गडद होण्याची क्षमता वाणात असते, पण रंग भरायला ऊन लागते. सावलीत हेच झाड महिन्या-दोन महिन्यांत हिरवट राखाडी पडते, पेरे लांब होतात, फांद्या लोळतात. अति लाड केले तरी तेच: युरियासारखे नत्रयुक्त खत आणि रोजचे पाणी मिळाले की मऊ, लुसलुशीत, फिकट वाढ होते. झाड आपल्या 1911 च्या नावाकडे परत जाते असेच म्हणावे लागेल. त्यामुळे रंग उतरला म्हणून खत घालणे हा सगळ्यांत वारंवार दिसणारा आणि नेमका उलटा उपाय आहे.

जागा निवडताना दिवसाचे किमान 6 तास थेट ऊन मिळेल हे पाहावे. तेवढे नसेल तर सेटक्रेशियाचा हट्ट न धरता रिओ लावावा, तो अर्धसावलीत छान राहतो. माती मुरमाड किंवा पोयट्याची असेल तर फारसे काही करावे लागत नाही. काळ्या मातीत अडचण येते, कारण ती पावसाळ्यात पाणी धरून बसते. तिथे वाफा जमिनीपासून 15 ते 20 सेंमी उंच करावा. मिश्रणात दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत पुरे. कुंडीसाठीही हेच प्रमाण चालते, फक्त तळाचे भोक मोकळे राहिले पाहिजे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती निचऱ्याला चांगली, पण पाऊस इतका की वाफ्याला उतार दिल्याशिवाय सुटका नाही.

बियांच्या भानगडीत कोणी पडत नाही. हे झाड गावोगाव पोहोचले ते हातातल्या फांदीनेच, आणि त्यामुळेच गडद वाणाचा रंग सगळीकडे सारखा राहिला. 10 ते 12 सेंमीची, तीन-चार पेरांची शेंड्याकडची फांदी घ्यावी. खालच्या दोन पेरांवरची पाने काढून ती एक दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे कापलेला भाग सुकून बंद होतो. मग दोन पेरे मातीत जातील अशी लावावी. मुळे पेरापासून फुटतात. नुसते लांब खोड खुपसले आणि पेर वर राहिले तर कलम कुजते. साधारण आठ-दहा दिवसांत मुळ्या धरतात. दोन रोपांत 30 सेंमी अंतर ठेवले तर एका चौरस मीटरला अकरा-बारा रोपे लागतात आणि एका हंगामात जमीन झाकली जाते. फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले दिवस. भर पावसातही कलमे फुटतात, पण साचलेल्या पाण्यात त्यातली बरीच बुडापासून मऊ पडून जातात.

पहिले तीन आठवडे माती किंचित ओलसर ठेवावी. नंतर जमिनीतल्या झाडाला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी पुरते, कुंडीला तीन-चार दिवसांनी. पाऊस सुरू झाला की पाणी बंद. खत वर्षातून एकदा, छाटणीनंतर, झाडामागे एक मूठ गांडूळखत.

फूल शेंड्यावर, होडीसारख्या दोन छदांच्या, म्हणजे फुलाखालच्या पानांच्या, कुशीतून येते, म्हणून जितके शेंडे तितकी फुले. नव्या फांद्या 15 सेंमी झाल्या की शेंडे खुडावेत. तळाशी पाने गळून काटकुळी झालेली झाडे मेअखेरीस जमिनीपासून 10 सेंमीवर सपाट कापावीत. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ती बुडापासून भरून येतात. खोड ठिसूळ असल्याने पायवाटेच्या कडेला हे झाड लावू नये, येता-जाता धक्क्याने मोडते. रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, त्यामुळे छाटणीला हातमोजे घालावेत. कुत्र्यांनाही त्याचा त्रास होऊ शकतो.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे शेंडे खातात. त्या रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा मार्ग.

लांबून पाहिले तर गडद पाने मातीत मिसळून जातात आणि वाफा रिकामा वाटतो. शेजारी पिवळी पसरती घाणेरी, गझानिया किंवा ऑफिस टाइम लावले की जांभळा रंग उठून दिसतो, शिवाय या तिघांचीही पाण्याची गरज तितकीच कमी आहे.

दुभाजकांवरच्या या झाडाला एक वेगळीच कामगिरी मिळालेली आहे. ट्रॅडेस्कान्शियाच्या कोवळ्या कळ्यांतल्या परागपेशी प्रदूषणाने बिघडल्या की त्यांत मुख्य केंद्रकाशेजारी छोटी सूक्ष्मकेंद्रके दिसतात, आणि ती मोजता येतात. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत वाहनांच्या धुराचा जीवपेशींवरचा परिणाम पाहण्यासाठी सेटक्रेशियाच वापरला गेला.

छाटणीचा ढीग मात्र ओढ्याकाठी किंवा रानाच्या कडेला टाकू नये. प्रत्येक पेर हे एक नवे झाड आहे, आणि दक्षिण फ्लोरिडात रिओ बागेबाहेर पसरलेला आहे. उन्हात पसरून पूर्ण वाळवल्यावरच तो कंपोस्टमध्ये घालावा. ओला टाकला तर कंपोस्टच्या खड्ड्यातही मुळ्या धरतो.