मिशन पॅच आले कुठून? जेमिनी ५ पासूनची थोडी पार्श्वभूमी

मिशन पॅच म्हणजे अंतराळवीरांच्या पोशाखावरचा त्या-त्या मोहिमेचा बिल्ला, त्याची सुरुवात एका मनाईतून झालीये. मर्क्युरीच्या, म्हणजे नासाच्या पहिल्या मानवी मोहिमांच्या काळात अंतराळवीर आपल्या यानाचं नाव स्वतः ठेवायचे. गस ग्रिसमची लिबर्टी बेल ७ १९६१ मध्ये उतरल्यावर समुद्रात बुडाली, म्हणून मार्च १९६५ मध्ये पुढच्या जेमिनी मालिकेतल्या जेमिनी ३ ला त्याने मॉली ब्राउन नाव दिलं, टायटॅनिकमधून वाचलेल्या बाईचं. वरच्या साहेबांना ते रुचलं नाही आणि यानांना नावं देणंच बंद.

मग ऑगस्ट १९६५ ला जेमिनी ५. त्यातला अंतराळवीर गॉर्डन कूपर हवाईदलातला, तिथे स्क्वाड्रनचा, म्हणजे तुकडीचा पॅच असतोच, तर तो म्हणाला नाव नाही तर नाही, पॅच तरी लावू द्या. त्यावर आली छपराची घोडागाडी, जुन्या काळी लोक पश्चिमेकडे वस्ती करायला जायचे ती, कारण कूपरचा जोडीदार पीट कॉनरॅड याच्या सासऱ्यांनी तसली लाकडी गाडी कोरली होती. गाडीवर लिहिलं होतं, आठ दिवस काढू नाहीतर फजिती! नासाचे प्रमुख जेम्स वेब धास्तावले, मोहीम लवकर संपली तर पेपरवाले फजिती हाच शब्द उचलतील. शेवटी ती अक्षरं कापडाने झाकून पॅच उडाला, आणि मोहीम जवळजवळ पूर्ण आठ दिवस चालली.

अपोलो ११ चा पॅच मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यावर तिघांपैकी कुणाचंच नाव नाही, हजारो लोकांनी राबून केलेलं काम तीन नावांखाली जाऊ नये म्हणून. डिझाइन मायकेल कॉलिन्सचं. त्यावर चंद्रावर उतरणारा गरुड आहे, ती कल्पना दुसरा अंतराळवीर जिम लव्हेल याची, कॉलिन्सने पक्ष्यांच्या पुस्तकातलं चित्र ट्रेस केलं, शांततेची खूण म्हणून ऑलिव्हची फांदी सिम्युलेटरवरच्या (सरावाच्या यंत्रावरच्या) एका सहकाऱ्याने सुचवली आणि ती आधी चोचीत होती. पण चंद्रावर झेपावणारे मोकळे पंजे वरच्यांना फार आक्रमक वाटले, म्हणून फांदी पंजात आली. इंग्रजी अक्षरात लिहिलेलं अकरा आर्मस्ट्राँगला नको होतं, बाहेरच्या देशातल्यांना कळणार नाही म्हणून, मग आकडा आला. पृथ्वीवरची सावली मात्र चुकलीच, ती बाजूला दिसते, खरं तर खाली हवी होती. हाच गरुड १९७१ च्या आयझेनहॉवर डॉलरच्या नाण्यावर पण गेला.

अपोलो १३ वर पण नावं नव्हती, आणि उड्डाणाच्या तोंडावर अंतराळवीर मॅटिंगलीच्या जागी स्वायगर्ट आला तरी पॅच बदलावा लागला नाही.

कल्पना चावलाच्या २००३ च्या शेवटच्या मोहिमेचा, म्हणजे कोलंबियाच्या एसटीएस-१०७ चा पॅच नीट झूम करून बघा. बाहेरचा आकार शटलचाच, कडेने सातही आडनावं, इस्रायली अंतराळवीर रॅमोनच्या नावाशेजारी इस्रायलचा झेंडा, मधलं अंतराळवीरांचं चिन्ह क्षितिजाशी ३९ अंशात कारण कक्षेचा विषुववृत्ताशी कल तेवढाच होता, आणि सात तारे म्हणजे कोलंबा, कबुतराचा तारकासमूह. शांतता, यानाचं नाव, सात जणांचा क्रू आणि मर्क्युरीचे पहिले सात, सगळं त्या सात ठिपक्यांत! डिझाइनचं बरंचसं काम क्रूमधल्याच लॉरेल क्लार्कचं.

आणि कुणी अपोलोचा पॅच विकत घेणार असेल तर एक सांगतो, भरतकामवाला सुंदर दिसतो पण स्पेससूटवर तो नव्हता. जानेवारी १९६७ च्या अपोलो १ च्या आगीत तीन जण गेल्यावर केबिनमध्ये पेट घेणारं कापड कमी करत आणलं, आणि सूटवर आले ते काचेच्या धाग्यांच्या बीटा क्लॉथवर छापलेले पॅच.