‘फायबर’चा घोळ आणि बाहेरच्या बोर्डाचा रंग

ठाण्यात ‘फायबरचा पत्रा’ म्हटलं की निम्म्या लोकांना गच्चीवरचा उजेड आत सोडणारा हिरवट प्लास्टिकचा पत्रा आठवतो. दुकानदार त्याच नावाने सिमेंटचा पत्रा दाखवतो. आर्किटेक्टच्या कागदावर ‘फायबर सिमेंट’ म्हणजे एलिव्हेशनला, इमारतीच्या दर्शनी बाजूला, स्क्रूने बसवलेला बोर्ड. रंगकाम निघालं की हा घोळ महागात पडतो.

सिमेंटच्या लगद्यात ॲस्बेस्टॉस या फुप्फुसाला घातक खनिजाचे तंतू घालून पत्रा करायची रीत 1900 च्या सुमारास ऑस्ट्रियात निघाली. तोच पत्रा पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेडवर आणि चाळींवर चढला. लाकडाच्या लगद्याचे तंतू वापरलेला बोर्ड 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात पुढे आला आणि 2003 संपता संपता त्या देशाने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा पत्रा अजूनही राजरोस विकला जातो. ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द बदनाम झाला तसं धंद्यातल्यांनी त्यालाच ‘फायबर सिमेंट’ म्हणायला घेतलं. शब्दशः खोटं नाही म्हणा, ॲस्बेस्टॉसही तंतूच! पण बिलावरचं नाव वाचून पेंटरला हातात काय आलंय ते कळेनासं झालं.

पेंटर शिकलेला प्लास्टरवर: पत्रीने पोपडे काढायचे, पॉलिश पेपर मारायचा, लांबी (पुट्टी) भरायची, प्रायमर आणि वर दोन हात. जुन्या पत्र्यावर असं कोरडं घासणं म्हणजे तंतू हवेत सोडणं. नव्या बोर्डात ॲस्बेस्टॉस नसलं तरी सिलिका (वाळूतलं खनिज) असते, तिची धूळही फुप्फुसात जाऊन बसते. दोन्हींतला फरक डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. त्यामुळे घासायचं की नुसतं धुवायचं, हा वाद सोसायटीच्या मीटिंगला दर वेळी निघतो. ‘घासल्याशिवाय रंग धरत नाही’ म्हणणारे प्लास्टरपुरते बरोबर आहेत. प्रेशर पंपवाले तर जुन्या पत्र्याचा पृष्ठभागच उडवतात आणि बोर्डाच्या सांध्यांतून पाणी मागे ढकलतात. पत्रा संशयित असेल तर तो खरवडूच नये. बोर्डाला मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. मग वाळल्यावर तळहात फिरवून पाहायचा; पांढरी भुकटी लागली तर जुना रंग मेलेला आहे, तो परत धुवायचा.

ऑइलपेंटचा काळ गेला ते बरंच झालं. सिमेंटच्या क्षाराने त्याचा अक्षरशः साबण होतो. आता क्षाररोधक प्रायमरवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग लावतात, पण पावसाळा संपल्या संपल्या ओल्या बोर्डावर नाही.

नेरूळच्या एका रो-हाऊसवर पाहिलं, मधला रंग शाबूत आणि पोपडे फक्त खालच्या कडेला, बोटभर उंचीचे. साइटवर कापलेली कड बसवताना कुणी प्रायमरने बंद केलीच नव्हती. चार पावसाळे ती पाणी पीत राहिली. वरच्या सांध्यांत सिलिकॉन भरलेलं होतं आणि त्यावरून नवा रंग चिकटपट्टीसारखा सोलून निघत होता.