क्राफ्ट्समन बंगल्याला हेरिटेजची किंमत आली कुठून? पॅसाडीनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत घर शंभर वर्षांचं झालं की आपोआप हेरिटेज होतं असं काही नाही, आणि क्राफ्ट्समन बंगल्याचं तर अजिबातच नाही, कारण यातली बहुतेक घरं साध्या नोकरदार माणसाला परवडावीत म्हणूनच बांधलेली. १९०१ मध्ये गुस्ताव स्टिकली या फर्निचरवाल्याने 'द क्राफ्ट्समन' मासिक काढलं, पुढे त्यात घरांचे प्लॅनही छापले. त्याचं म्हणणं एवढंच की मशीनवर काढलेली नक्षी पुरे झाली आता, लाकूड लाकडासारखं दिसू द्या, सांधे लपवू नका. १९०८ पासून सीअर्स कंपनी तर कॅटलॉगवरून अख्ख्या घराचं सामान विकायला लागली. क्राफ्ट्समन बंगला दिसायला असा: बुटकं पसरट छप्पर, बाहेर आलेले वासे, पुढे जाड खांबांचा व्हरांडा, आत फायरप्लेस आणि भिंतीतली कपाटं.

याच स्टाइलचं श्रीमंत टोक म्हणजे कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी तिथे १९०८-०९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलवाल्या गॅम्बल कुटुंबासाठी जे घर बांधलं ते बघायला आज जगभरातून लोक येतात, पण मधल्या काळात या लाकडी अंधाऱ्या घरांना कोणी विचारत नव्हतं. गॅम्बल हाउस विकायला काढलं होतं तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं की आतलं सागवान पांढरं रंगवून टाकू, आणि घरच्यांनी विक्रीचा विचारच सोडला, असं सांगतात. १९६६ मध्ये त्यांनी घर शहराला देऊन टाकलं. राष्ट्रीय पातळीवरचा जतन कायदाही त्याच वर्षी आला, त्याआधी १९६३ मध्ये न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, म्हणजे तिथलं भव्य जुनं रेल्वे स्टेशन, पाडायला सुरुवात झाली होती आणि लोक भयंकर चिडले होते.

पण खरा धडा मिळाला तो ब्लॅकर हाउसमुळे. हेही ग्रीन बंधूंचंच, १९०७ चं. १९८५ मध्ये नव्या मालकाने घर घेतलं आणि आतले दिवे, रंगीत काचांचे दरवाजे उचकटून विकायला काढले, कारण सुटे भाग विकून भरपूर पैसे सुटत होते!! कायद्याने तेव्हा त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. शहराने घाईघाईत वटहुकूम काढला, तोवर दिवे गेलेले होते. नंतरच्या मालकांनी हुबेहूब नकला करून बसवल्या.

एक गैरसमज मात्र सगळीकडे असतो. नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या देशपातळीवरच्या यादीत, नाव आलं म्हणजे घर वाचलं असं नाही, मालक स्वतःच्या पैशाने पाडत असेल तर रजिस्टर त्याला थांबवत नाही, थांबवतो तो गावचा नियम. म्हणूनच पॅसाडीनाच्या बंगलो हेवन भागातल्या रहिवाशांनी अपार्टमेंट येताना बघून खटपट केली आणि १९८९ मध्ये तो शहराचा पहिला लँडमार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे जतनाचे नियम लागू असलेला भाग, झाला. तिथलं एकेक घर सुटं बघितलं तर फार खास नाही, ओळीने सलग उभी आहेत म्हणून मोल आहे. शिवाय कॅलिफोर्नियात १९७२ चा मिल्स अ‍ॅक्ट आहे, घर नीट राखायचा किमान दहा वर्षांचा करार केला की प्रॉपर्टी टॅक्स कमी होतो. मला तर हा उपाय बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

मोल ठरवताना मूळ सामान किती उरलंय हेही बघतात, आणि नेमकी तिथेच घरं मार खातात. जुन्या जंगलातलं, सावकाश वाढलेलं डग्लस फर किंवा रेडवुडचं लाकूड आता सहज मिळत नाही, तरी लोक त्याच्या खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवतात, व्हरांडा बंद करून खोली करतात.

जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यात पॅसाडीनाशेजारच्या अल्टाडीनातली शेकडो जुनी घरं गेली. उभी राहिली ती धुराडी, आणि त्यांच्या फायरप्लेसना लावलेल्या, अर्नेस्ट बॅचेल्डर या त्या काळच्या टाइल कारागिराच्या टाइल्स, कारण भट्टीत भाजलेल्याच त्या. बुलडोझर यायच्या आत स्वयंसेवकांनी आणि गवंड्यांनी त्या एकेक करून सोडवल्या, मालकांना परत देण्यासाठी. आता नव्या घरात त्या बसवल्या तरी रजिस्टरच्या हिशोबात ते घर नवंच धरलं जाणार, आणि नियम म्हणून ते बरोबरच आहे, तरी टाइल्स ठेवण्यासारख्याच आहेत.