निळी कुत्री आणि चिमूटभर लोखंड

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री दिसली होती, आठवतंय? परवा आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी तेच फोटो पुन्हा टाकले. खाली एक व्हिडिओ: निळ्या पाण्यात पांढरी पूड टाकली, बरणी उन्हात ठेवली, दोन तासांत पाणी नितळ. 'हे आपले कारखाने का करत नाहीत?'

ती पूड बहुधा टायटेनियम डायऑक्साइडची, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. ऊन खाल्लेल्या जुन्या भिंतीवरून हात फिरवा, तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला उन्हात हेच टायटेनियम कुरतडतं. म्हणून रंगवाले त्याच्या कणांवर सिलिका-ॲल्युमिनाचं कवच चढवतात. सांडपाण्यात मात्र हीच खोड कामाला लावायची.

कुरतडतं कसं? या स्फटिकातले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या खालच्या पट्ट्यात भरलेले असतात. वरच्या रिकाम्या पट्ट्यात जायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तेवढी ऊर्जा सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींत, म्हणजे अतिनील प्रकाशात असते. इलेक्ट्रॉन वर उडतो, मागे रिकामी जागा राहते. ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओरबाडते आणि हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पाण्याच्या रेणूचा एक झोंबरा तुकडा, तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतो. मग दोघं मिळून रंगाच्या रेणूचे लचके तोडतात.

अडचणी दोन. उन्हात अतिनील जेमतेम पाच टक्के. आणि बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करायच्या आतच पुन्हा त्या रिकाम्या जागेत पडतात. मिळते ती नुसती उष्णता.

इथे लोखंड येतं. त्याचा तीन धनभारांचा आयन (विद्युतभार असलेला अणू) आकाराने टायटेनियमच्या आयनाजवळचा, त्यामुळे स्फटिकात त्याच्या जागी सहज बसतो. दोन पट्ट्यांच्या मधे जणू पायरी तयार होते. दृश्य प्रकाशही थोडाफार उपयोगी पडतो, आणि इलेक्ट्रॉन त्या पायरीवर क्षणभर अडकल्याने त्याचं परत पडणं लांबतं. पण पायऱ्या फार झाल्या की त्याच उतरायच्या वाटा होतात! १९९४ साली अमेरिकेत कॅलटेकमधल्या संशोधकांनी २१ धातूंचे आयन तपासले (रंगावर नाही, क्लोरोफॉर्मसारख्या रसायनांवर). अर्धा टक्का लोखंडाने काम बरंच वाढलं, कोबाल्टने आणि ॲल्युमिनियमने उलट घटलं. आमटीतल्या हिंगासारखं आहे हे: चिमूटभर हवा, चमचाभर नको. प्रदर्शनात 'नॅनो' म्हणून काहीही विकणाऱ्यांना आणि निळ्या बाटलीत पाणी 'सूर्यभारित' करणाऱ्यांना एकदा मात्रा विचारून बघा.

आता त्या व्हिडिओकडे. रंग गेला म्हणजे रेणू गेला असं नाही. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचंच घ्या: ऑक्सिजन कमी पडला तर ते इलेक्ट्रॉन घेऊन नुसतं रंगहीन होतं, हवा लागली की पुन्हा निळं. शिवाय बराचसा रंग पुडीच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी अर्धा तास मिश्रण अंधारात ढवळतात, मग दिवा लावतात, आणि शेवटी पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजतात. कारखान्याचं सांडपाणी तर इतकं गडद की प्रकाश वरच्या थरातच अडतो. त्यातून ती बारीक पूड परत गाळून काढायची.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं: तशीच दुसरी बरणी कपाटात, अंधारात ठेवली होती का? उत्तर आलं नाही, अंगठा आला.